गोधडीचा घास

काशीहून परत आल्यावर आमच्या गल्लीत ज्याने त्याने एकच विचारलं, "काय सोडून आलात?" काशीला गेलं की आवडीचा एखादा पदार्थ सोडून यायचा, हा आपल्याकडचा रिवाज. कुणी वांगं सोडतं, कुणी सीताफळ. समोरच्या अण्णांनी कारलं सोडलं होतं, आणि ते त्यांना जन्मात कधी आवडलं नव्हतं. मी काहीच सोडलं नाही. मुळात आम्ही यात्रेला गेलोच नव्हतो. आम्ही गेलो होतो एका चर्चमध्ये गोधडी टांगायला. एवढं सांगितलं की समोरचा माणूस माझ्याकडे असा बघतो, की बाईचं डोकं ठिकाणावर आहे ना. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

मी वाईची. आमची पिठाची गिरणी आहे आणि माझा आवाज गिरणीपेक्षा मोठा आहे, असं लोक म्हणतात. मंदा माझी भावजय, माझ्या धाकट्या भावाची, विलासची बायको. विलास दुधाची गाडी चालवायचा. तीन वर्षांपूर्वी एका पहाटे दोघांची काहीतरी फालतू कुरबुर झाली. हा पठ्ठ्या डबा कट्ट्यावर तसाच ठेवून, चहाचा घोटसुद्धा न घेता निघाला, आणि गाडीवर असतानाच गेला. हृदय बंद पडलं. खाण्या-न खाण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, मी सांगितलं, सगळ्या गावाने सांगितलं. पण तो उपाशी गेला, हे मंदाच्या डोक्यात बसलं ते बसलंच. तेव्हापासून ही बाई जेवते ती केवळ ताटात वाढलं म्हणून. भूक लागली किंवा अमुक खावंसं वाटतंय, हे तिच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही. मला याचा फार राग यायचा. रडायचं तर रड, पण जेव ना बाई.

मंदा गोधड्या शिवते, तेही असं की आजूबाजूच्या गावांतून बायका जुन्या साड्यांची गाठोडी घेऊन येतात. विलास गेल्यावर तिने सुई बाजूलाच ठेवून दिली होती. मग एके दिवशी त्याचे शर्ट, लुंग्या, माझ्या आईचं विटलेलं नऊवारी असं सगळं काढून बसली आणि धावदोरा घालायला लागली. ती गोधडी पुरी होत आली असताना आमच्या गल्लीतल्या एका लग्नाला नंदिनी आली. नंदिनी बनारसची, पण घरची मराठी. तिथे चित्रकला शिकवते. अंगणात उन्हात पसरलेली गोधडी बघून ती पोरगी अक्षदा टाकायचं विसरली. बनारसच्या एका चर्चमध्ये ईस्टरच्या आधी ती प्रदर्शन मांडणार होती. वेगवेगळ्या धर्मांचे आजचे कलाकार, आणि विषय एकच, आसरा. माणूस कुणाच्या आसऱ्याला जातो, ते ज्याने त्याने आपल्या रीतीने दाखवायचं. मंदा म्हणाली, अंगावर घ्यायची वस्तू ती, भिंतीवर कशाला? ती पुढे काही बोलायच्या आत मी होकार देऊन मोकळी झाले.

एक गोष्ट मात्र इथेच सांगायला हवी. आमच्याकडे गोधडीचं पोट भरतात. शेवटचा कोपरा शिवून टाकायच्या आधी आत भाकरीचा नाहीतर पोळीचा घास ठेवायचा. गोधडी उपाशी राहिली तर पांघरणारा उपाशी राहतो, असं आई सांगायची. मंदाच्या माहेरी त्यात आणखी एक आहे. गोधडी ज्या घरात राहणार, घास त्याच घरचा हवा. म्हणून ती कोपरा वीतभर उघडा ठेवूनच गोधडी देते आणि त्या घरी जाऊन शेवटचे टाके घालते. या गोधडीचा तो कोपरा म्हणजे विलासच्या खाकी शर्टाचा खिसा होता.

बालाजी घाट

आमची उतरायची सोय नंदिनीच्या आईकडे, कुसुमताईंकडे होती. बालाजी घाटाच्या वर गल्लीत त्यांचं घर. या भागात आपली जुनी घराणी आहेत, पाट्यांवर आपली आडनावं वाचून बरं वाटतं. वाईला दक्षिण काशी म्हणतात आणि आम्ही वाईकर ते फार ऐटीत सांगतो. इथल्या पायऱ्या बघितल्या आणि माझी ऐट जिरली. आमच्या कृष्णेच्या घाटावर बाई धुण्याची बादली घेऊन उतरते आणि बोलत बोलत वर येते. इथे एकदा खाली उतरलं की वर यायचं म्हणजे गुडघ्यांची मिनतवारी. शिवाय होळी नुकतीच होऊन गेलेली, पायऱ्यांच्या फटींत गुलाल अजून तसाच होता. माझ्या पांढऱ्या पातळाचा काठ पहिल्याच दिवशी गुलाबी झाला.

कुसुमताई शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांचं मराठी ऐकायला मोठं गोड. "बैस ना गं, परेशान नको होऊस. हात धुऊन घे, मग खाना लावते," असं त्या मंदाला म्हणाल्या, आणि मंदा इकडे तिकडे बघायला लागली, की आपल्याला हसू आलं तर चालेल का. त्या दिवशी पुरणपोळी होती. पुरण आपल्यापेक्षा सैल, केशर घातलेलं, आणि वर तुपाची धार थांबेचना. कटाच्या आमटीला मात्र मोहरीच्या तेलाची फोडणी. पहिला भुरका घेतला तेव्हा नाकातून धूर आला. दुसऱ्या वाटीला मीच हात पुढे केला. मंदाने अर्धी पोळी खाल्ली, नेहमीसारखी, कर्तव्य म्हणून.

जेवणं झाल्यावर गोधडी उलगडली. कुसुमताईंनी तो उघडा कोपरा बघितला आणि विचारलं. मंदाने रीत सांगितली आणि एक कोरडी चतकोर मागितली. कुसुमताईंना ते अजिबात पटलं नाही. काशीत आलेल्या पाहुण्याला कोरडा घास? बिलकुल नाही, म्हणाल्या, आणि तुपात न्हालेला पुरणपोळीचा चांगला मोठा तुकडा कागदावर घेऊन आल्या. मंदा माझ्याकडे बघायला लागली. मीही म्हटलं, असू दे, मोठ्या माणसाने प्रेमाने दिलंय. मंदाने तो तुकडा विलासच्या खिशात सारला आणि वरून बारीक टाके घालून कोपरा बंद केला. दोरा तोडताना तिचा चेहरा असा सैल झाला की मलाही हायसं वाटलं. चला, म्हटलं, आपलं काम झालं.

रामनगर

दुसऱ्या दिवशी नंदिनीला नदीपलीकडे रामनगरहून एक चित्र आणायचं होतं. आम्ही म्हटलं, आम्हीही येतो. जाताना नाव, येताना चित्राबरोबर टेम्पोतून पुलावरून, असं ठरलं. दशाश्वमेधला नावेत बसायला गेलो. तिथे मराठी यात्रेकरू दिसले की भटजी थेट मराठीत हाका मारतात. एकाने मला गाव विचारलं, कुळ विचारलं, श्राद्ध करायचंय का विचारलं. मी म्हटलं, आम्ही चर्चला आलोय. तो भला माणूस हात जोडून बाजूला झाला.

नावेत पाय वर घेताना माझी एक चप्पल नदीत पडली. मी नावाड्याला म्हटलं, अहो, वळवा. तो वळवेना. "गंगाजी ने ले ली," म्हणाला, जणू मी मुद्दाम अर्पण केली होती. मग दुसरी हातात घेऊन काय करू? तीही सोडून दिली. मंदा तोंडाला पदर लावून हसली. तिला हसताना बघून मला चपलेचं दुःख उरलं नाही. रामनगरच्या बाजारात नव्या चपला घेतल्या, त्या चालताना इतक्या वाजायच्या की पुढे चर्चमध्ये मला त्या काढून अनवाणी फिरावं लागलं.

चित्र सलीमचं होतं. तिशीतला शांत मुलगा, राहत्या घराच्या माडीवर काम करतो. चित्र दारापेक्षा मोठं. शिष्यांचे पाय येशूने धुतले, त्या गोष्टीवरचं. पण त्यात चेहरे नव्हतेच, नुसते पाय. भेगाळलेले, वाळूने भरलेले, एक अंगठा वाकडा, एकाला जोडवी. सलीम म्हणाला, हे नावाड्यांचे आहेत, हे विणकरांचे, आणि हे माझ्या आईचे. खाली कोपऱ्यात पंचा धरलेले दोन हात. हाताने बनवलेल्या कागदाचे थरावर थर त्याने कणकेच्या खळीने चिकटवले होते आणि त्याला उठाव दिला होता. मी वास घेऊन बघितला. गहू चांगला होता, तसं सांगितलं. सलीम खूश झाला, म्हणाला, दीदी, हे आजवर कुणी बघितलं नाही. मग त्याने मंदाला गोधडीबद्दल विचारलं. मंदाने मोबाईलवर फोटो दाखवला, तर हा म्हणतो, उलट्या बाजूचा आहे का? टाके उलट्या बाजूने कळतात, हे त्याला ठाऊक होतं. मंदा त्याच्याशी बराच वेळ बोलली. हिचं हिंदी, त्याचं हिंदी, पण अडलं काही नाही. नंतर त्याने आम्हाला मलईवाली लस्सी पाजली. ती मातीच्या कुल्हडातून चमच्याने खावी लागते.

चर्च

चर्च छावणीच्या बाजूला आहे, जुन्या झाडांच्या मधे. बनारसच्या गल्ल्यांतून तिथे गेलं की कानात बोळे घातल्यासारखी शांतता. छतापासून लांब दांड्यांचे पंखे, बाकं भिंतीकडे सरकवलेली. एका विणकराने जरीचा एक तारही न घालता पांढरं रेशीम विणून टांगलं होतं, येशूच्या आईच्या, मरियमच्या डोक्यावरचा पदर म्हणून. वारा आला की ते हलायचं आणि त्याखाली कुणीतरी बसलंय असं वाटायचं. मला देवळात जायची सवय, तिथे काही बघायला गेलं की ढकलाढकली. इथे उभं राहून कितीही वेळ बघा, कुणी "चला पुढे" म्हणत नाही. गोधडीची जागा सलीमच्या पायांच्या शेजारी होती. ती वर गेली, तिच्यावर उजेड पडला आणि माझ्या भावाचा खाकी खिसा त्या भिंतीवर दिसला, तेव्हा मी बाहेर जाऊन रडून आले.

तिथले फादर म्हातारे, केरळचे, पायात साध्या सपाता. हिंदी माझ्यापेक्षा बरं. त्यांनी आम्हाला नमस्कार केला, गोधडीसमोर बराच वेळ उभे राहिले आणि तसेच निघून गेले. मंदाला वाटलं, त्यांना आवडली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी उद्घाटन होतं. आम्ही सकाळीच गेलो, तर नंदिनी भिंतीसमोर कपाळाला हात लावून उभी. खिडकीतून मुंग्यांची रांग लागली होती. लाल, बारीक. पांढऱ्या भिंतीवरून सरळ वर, गोधडीच्या कडेने विलासच्या खिशात. काशीच्या मुंग्यांना केशरी पुरणाचा पत्ता कुणी सांगावा लागत नाही. एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण त्या रांगेला एक फाटा फुटला होता आणि तो सलीमच्या चित्राकडे, त्या कणकेच्या खळीकडे निघाला होता. सलीम स्टुलावर चढून आपल्या आईच्या टाचेवरून रुमालाने एकेक मुंगी टिपत होता. त्याने आरडाओरडा केला असता तर मला परवडलं असतं.

मंदाने स्वतःच गोधडी उतरवली, कोपरा उसवला आणि पुरणपोळी बाहेर काढली. ती मी बागेत लांब नेऊन ठेवली. गोधडी झटकली, उन्हात धरली, भिंत पुसली. मुंग्या पांगल्या. नंदिनीने श्वास सोडला आणि म्हणाली, मावशी, आता शिवून टाका, वर चढवू.

"रिकामी नाही शिवणार," मंदा म्हणाली.

नंदिनीने तिला समजावलं. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, घरी गेल्यावर घास घाला, कुणाला दिसणारही नाही. मंदा खाली बसून गोधडीची घडी घालायला लागली. आवाज चढवणं तिच्या स्वभावात नाही. तिने नंदिनीकडे बघितलंही नाही.

"एकदा उपाशी पाठवलंय मी. परत नाही पाठवणार. वन्सं, चला, घरी जाऊ."

माझं डोकं फिरलं. एवढं दोन दिवस रेल्वेत हाडं खिळखिळी करून आलो ते यासाठी? मी म्हटलं, बाहेरच्या गाड्यावरून कोरडी रोटी आणते. तर म्हणे, दुकानातला घास चालत नाही. मग कुसुमताईंना फोन करते, कोरडा फुलका पाठवा म्हणते. तेव्हा मंदाने मान वर केली आणि म्हणाली, "तिथेच माझं चुकलं, वन्सं. आपण उतरलोय त्यांच्याकडे. गोधडी कुठे त्यांच्या घरात आहे?" सलीम स्टुलावरून उतरला आणि म्हणाला की माझं चित्र दुसऱ्या भिंतीला नेऊ, त्यांची गोधडी राहू द्या. मंदा त्याला म्हणाली, तुझं काय चुकलं रे बाबा? आणि घडीवर घडी घालत राहिली. मला कळलं की ही बाई आज ही गोधडी घेऊन गेली, तर ट्रंकेत टाकेल आणि पुन्हा सुईला हात लावणार नाही.

मग मी नंदिनीला बाजूला न घेता, तिथेच, सगळ्यांसमोर, विलासची ती पहाट सांगितली. डबा कट्ट्यावर राहिला तेही सांगितलं. मंदा मला कधीच माफ करणार नाही असं वाटलं, पण आता राखून ठेवण्यासारखं काय उरलं होतं? बोलून झाल्यावर मागे बघितलं तर फादर दारात उभे होते. माझ्या आवाजाने आले असणार. त्यांनी नंदिनीला विचारलं, नंदिनीने हिंदीत सगळं सांगितलं, घासाची रीत, घराची अट, मुंग्या, सगळं. फादरनी ऐकून घेतलं आणि पाठ फिरवून निघून गेले. झालं, म्हटलं, यांच्या देवळात येऊन आम्ही मुंग्या लावल्या, वर तमाशा केला.

थोड्या वेळाने ते आले ते एका सिस्टरबरोबर. सिस्टरच्या हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. त्यांच्या प्रार्थनेत पातळ गोल भाकरी लागते, ती इथल्या सिस्टर स्वतः भाजतात. भाजलेल्या मोठ्या पापुद्र्यातून गोल चकत्या कापल्या की मधली, कडेची कातरणं उरतात. ती या डब्यात ठेवतात आणि मुलं येऊन खातात. फादरनी डबा उघडून मंदापुढे धरला.

"यह इस घर की रोटी है, बहनजी. अभी इस पर प्रार्थना नहीं हुई, बस रोटी है. लीजिए."

मंदा त्या कातरणांकडे बघत राहिली. जन्मभर कातरणं जोडत आलेली बाई ती. तिने मला मराठीत विचारलं, पण बघत होती फादरांकडे. "आम्ही यांच्यातले नाही. चालेल का यांना?"

नंदिनीने विचारलं. फादर म्हणाले की या घरात ज्या येशूची आठवण रोज काढतो, तोही जाण्याच्या आदल्या रात्री सगळ्यांना आधी जेवायला घेऊन बसला होता. भुकेल्याला तू कुणातला असं विचारत बसायची इथे रीत नाही. एवढं म्हणून त्यांनी डबा बाकावर ठेवला आणि ते मंदाशेजारीच जमिनीवर बसले, सपाता काढून.

मी एक कातरण उचलून वास घेतला. सवय जात नाही. नुसतं पीठ आणि पाणी, ना तेल ना मीठ ना गूळ. मुंगीने ढुंकून बघू नये असं. तरी सिस्टरने स्वयंपाकघरातून चिमूट हळद आणली, मुंग्यांना ती चालत नाही म्हणून. मंदाने हळद लावलेलं ते कातरण विलासच्या खिशात ठेवलं. खिसा वरून एकदा थोपटला, तो कामाला निघताना थोपटायची तसा. आणि शिवायला घेतलं. सलीमने सुईत दुसरा दोरा ओवून तयार ठेवला होता. शेवटची गाठ मारताना ती रडली, मोठ्याने, तोंड न झाकता. तीन वर्षांत ती अशी रडली नव्हती. कुणी तिला गप्प केलं नाही, आणि मीही तेवढ्यापुरतं तोंड बंद ठेवलं.

उद्घाटन वेळेवर झालं. लोक आले, पोरं आली, एक म्हातारा नावाडी आला आणि सलीमच्या चित्रात आपला वाकडा अंगठा शोधून सगळ्यांना दाखवत फिरला. मी खिडकीपाशी पहारा देत उभी. एक मुंगी आली, भिंतीवर थोडी वर चढली, इकडे तिकडे फिरली आणि परत गेली. मी देवाचे आभार मानले. कुठल्या, ते विचारू नका, तिथे जो होता त्याचे. कुसुमताई आल्या होत्या, त्यांना मुंग्यांची गोष्ट आम्ही सांगितली नाही. त्या खिशाला हात लावून सगळ्यांना सांगत होत्या की यात आमच्या घरची पोळी आहे. सांगू दे की.

लोक पांगायला लागले तशी मंदा माझ्याजवळ आली. पदराने तोंड पुसलं, गोधडीकडे एकदा बघितलं.

"वन्सं," ती म्हणाली, "भूक लागलीय हो."

हात धरून तिला बाहेर काढलं, माझ्या चपला तिथेच राहिल्या. कोपऱ्यावर कचोरी तळत होते. पानाच्या द्रोणात कचोरी, वर बटाट्याची झणझणीत भाजी, आणि बाजूला गरम जिलबी. मंदाने द्रोण संपवला. हात पुढे केला, आणखी एक घेतला. मग जिलबी. डोळ्यांतून पाणी, नाक लाल, भाजी तिखट होती. मी अनवाणी उभी राहून तिच्याकडे बघत होते आणि कचोरीवाला माझ्याकडे.

तर काशीला काय सोडलं, या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे. लोक तिथे जाऊन खायचं काहीतरी सोडून येतात. आमची मंदा तिथून जेवायला लागून आली.